कोपरापर्यंत

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सोलांना, आमसुलांना, पाचवं पूट देणं. रातांबे फोडून सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, दुसऱ्या दिवशी परत बुडवायची. अशी सात पुटं झाली की सोलां काळी होतात, वर्षभर टिकतात. फोडायचं काम माझं, रसात हात घालायचं तिचं. माझी फक्त बोटं रंगायची. तिचे हात कोपरापर्यंत लाल, पूर्ण वैशाख.

साखर दोघांनाही. पहिल्या पुटाच्या दिवशी शाळेत साखरवाल्यांसाठी तपासणी होती. सुई नाही, रक्त नाही. डब्यासारखं एक यंत्र, त्यावर कोपराखालच्या हाताची आतली बाजू टेकायची. खालून उजेड पडतो. साखरेने कातडीत काय साठलंय ते त्यात दिसतं आणि हृदयाला धोका किती त्याचा अंदाज येतो, असं तिथल्या नर्सबाईने सांगितलं.

माझा आकडा बरा निघाला. हिचा निघेचना. बाईने हात पुसून दोनदा टेकवला.

"आजी, रंगामुळे यंत्राला वाचता येत नाही. हात स्वच्छ झाला की या. आणि चालताना दम लागतो म्हणताय, तर त्यासाठी थांबू नका. ओरोसच्या सरकारी रुग्णालयात जाऊन हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून घ्या."

मी म्हटलं, "तुजी मेंदी बगून यंत्र लाजला गो."

"मग तुमची रंगलेली बोटां काय, नवऱ्यामुलाची?" ती म्हणाली. बाईसुद्धा हसली.

वाटेत तिने विचारलं, "जावया काय ओरोसाक?"

मी म्हटलं, "सात पुटां होवंदेत. यंत्रात काय गावला नाय मां? मग घाई कसली."

यंत्रात काही सापडलं नाही, कारण त्याला दिसलंच नव्हतं. बाईने ते मला सरळ मराठीत सांगितलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलोय, एवढं मला कळायला हवं होतं. मला सोयीचं तेवढंच मी घेतलं.

पाचव्या पुटाला ती मध्येच थांबली. घाम पुसला. मी म्हटलं, उष्मा आहे. सालं बांबूच्या तट्ट्यावर पसरून झाली तशी ती पायरीवर टेकली. "वायच बसतंय," म्हणाली. मी पाणी घेऊन आलो तेव्हा ती भिंतीला कलंडली होती. डॉक्टर आला, त्याने नाडी बघितली आणि हृदय बंद पडलं म्हणाला. संध्याकाळी नेली. आंघोळ घालताना बायकांनी हात घासले. रंग गेला नाही. तसेच लाल हात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तट्टा अंगणातच होता. सालं अर्धी वाळलेली. मी रसाचा टोप बाहेर आणला, झाकण काढलं.

शेजारची भावजय धावत आली. "भावजी, सुतकात हात लावतात काय? कोण खावचा नाय ती."

"खावं नकात," मी म्हटलं.

ती मागे सरली. कुंपणाशी उभी राहिली.

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. सालं टोपात ओतली, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत रसात घातले.