बुसानच्या टेकडीवर मांडलेलं घर

सुवर्णाबाई अमेरिकेत श्रूजबरीला मुलाकडे, अनीशकडे आल्या त्याला आठ वर्षं झाली, पण त्या घरातली एक वाटीसुद्धा त्यांनी जागची हलवली नाही. मसाल्यांचे डबे वरच्या कप्प्यात होते. हात पोचत नसे. मग हाक मारायची, कुणीतरी हळद खाली काढून द्यायचं. दिंडोरीकडच्या गावात ज्या बाईनं नवऱ्यामागं वीस वर्षं अंगणवाडी चालवली, वादळात उडालेले पत्रे स्वतः शिडीवर चढून बसवले, ती बाई इथं चिमूटभर हळदीसाठी थांबायची. पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात मांडामांड करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

सून मीना अमेरिकेत जन्मलेली, तिचे आईवडील कोरियातले. गोड पोरगी. "आई, जेवलात?" एवढं विचारायला म्हणून ती मराठी शिकली. कुणी वाईट वागलं असतं तर निघून जाणं सोपं होतं. तसं काहीच नव्हतं, हीच अडचण.

यंदा उन्हाळ्यात सगळे मीनाच्या मावशीकडे कोरियात, बुसानला गेले. तिथून सुवर्णाबाई महिनाभर गावी जाणार होत्या. परतीचं तिकीट अनीशनं काढलं होतं, पण परत यायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बॅगेत गोधडी होती आणि भिंतीवरून उतरवलेला नवऱ्याचा फोटोही होता. विमान परवाचं. आज संध्याकाळी टेकडीवर शहर बघायला जाताना मुलाला सांगून टाकायचं, असं ठरलं होतं.

उन्हं कलली तसे ते लाकडी पायऱ्या चढू लागले. पाइनचा वास येत होता, खाली समुद्र तांब्याच्या परातीसारखा झळकत होता.

"आई, ती आजी बघ, ऐंशीची असेल. तुला ओव्हरटेक करून गेली," अनीश म्हणाला.

"तिच्या पायातले बूट बघ. माझ्या चपलेत चालून दाखव म्हणावं."

अर्ध्या वाटेवर वळणाशी दगडांचे लहान लहान ढीग दिसले. दगडावर दगड, नीट तोल सांभाळून ठेवलेले. सुवर्णाबाई थबकल्या.

"अरे, ही माणसंपण घर मागतात?"

त्यांच्या गावाकडे डोंगरावर देवीला जाताना ज्याला घर हवं तो वाटेत दगड रचतो. लग्नानंतर त्यांनीही पाच दगड रचले होते. सहा वर्षांनी तीन खोल्या उभ्या राहिल्या.

त्या खाली बसल्या. एक ढीग कललेला होता, तो त्यांनी उतरवला. शेजारच्या ढिगांतलेही चार चपटे दगड घेतले. भिंती झाल्या, मधला आडोसा झाला. हात कसा भराभर चालत होता! आठ वर्षांत असा चालला नव्हता.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आला आणि मोठ्यानं काहीतरी बोलू लागला. मीना कमरेतून वाकली, कानापर्यंत लाल झाली.

"आई, ते म्हणतात, एक दगड म्हणजे एकाची विश, इच्छा. दुसऱ्याचे दगड काढत नाहीत. वर फक्त आपला ठेवायचा."

"अगं बाई! किती जणांचं मोडलं मी?"

मीनानं विचारलं. म्हातारा वाकून बघत राहिला, मग हसला.

"म्हणतात, मोडलं नाही, सगळे एका घरात राहायला आले. पण घर कुणाचं?"

सुवर्णाबाईंना हायसं वाटलं. त्या बोटानं दाखवू लागल्या. "ही खोली अनीश-मीनाची. ही केयाची. हे स्वयंपाकघर."

सात वर्षांची नात केया उकिडवी बसून बघत होती. "अँड यू, आजी? तुझी रूम कुठे?"

सुवर्णाबाईंचं बोट हवेतच राहिलं.

"मी गावी असेन ना."

"ओन्ली फॉर अ मंथ!"

"नाही गं," त्या हळूच म्हणाल्या.

अनीशनं मान खाली घातली. "भिंतीवर बाबांचा फोटो दिसला नाही तेव्हाच कळलं होतं. विचारायचं धाडस झालं नाही. आमचं काय चुकलं, आई?"

"चुकलं असतं तर भांडले असते रे. भांडायलासुद्धा आपलं घर लागतं."

मीना त्यांच्याजवळ मातीतच बसली. "आई, ते डबे मी लावले, तुम्ही यायच्या आधी. तुम्ही कधी हलवले नाहीत. मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं."

सुवर्णाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. आठ वर्षं दोघी एकमेकींचं मन राखत बसल्या होत्या!

केयानं कुठूनतरी एक गोल दगड आणला आणि स्वयंपाकघराला चिकटून ठेवला. "तुझी रूम डाउनस्टेअर्स. बिकॉज गुडघा."

म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं तो दगड अलगद आत सरकवला आणि वाटेला लागला.

माथ्यावर पोचले तेव्हा समुद्रावरच्या पुलाचे दिवे लागले होते. सगळं शहर डोंगरांच्या कुशीत लुकलुकत होतं. सुवर्णाबाई कठड्याला टेकल्या.

"मीना, महिन्यानं येईन मी. आल्या आल्या तो वरचा कप्पा रिकामा करायचा. हळद माझ्या हाताशी पाहिजे. आणि तवा ओव्हनमध्ये कोंबायचा नाही."

मीनानं डोळे पुसले. "हळद ओके. पण तवा तिथंच राहील, आई."

"का म्हणून?"

"दुसरीकडे जागा नाही."

"जागा करायची असते!"

टेकडी उतरेपर्यंत दोघींचा वाद चालला होता. मागून अनीश केयाला खांद्यावर घेऊन येत होता. मध्ये पडायची त्याला जरासुद्धा घाई नव्हती.