त्याची नखं कोण कापतं?

मुक्ता कॉलेजातून आली की आईच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून लॅपटॉपवर जपानी ॲनिमे बघते. व्हिडिओ गेम खेळणारे काहीजण गेमच्याच जगात अडकून पडलेत, अशी गोष्ट आहे. ते तिथे राक्षसांशी लढतात, घरं बांधतात, प्रेमातही पडतात. बाहेर यायची वाट मात्र सापडत नाही.

काल सुमनला, माझ्या बायकोला, कुशीवर वळवून, पाठीला पावडर लावून मी खुर्चीत टेकलो, तेव्हा पडद्यावर हॉस्पिटलची खोली आली. नायकाचं खरं शरीर तिथे निपचित पडलेलं. दोन सेकंदांत पुन्हा लढाई सुरू झाली.

"जरा मागे घे गं."

"त्यात काही नाहीये, बाबा."

तिने मागे घेतलं. वर्षभर अडकलाय म्हणे तो, आणि नखं नीट कापलेली! म्हणजे त्या खोलीत रोज कुणीतरी येतं. त्या येणाऱ्याची गोष्ट कुणी सांगत नाही. दमलेल्या माणसाकडे बघत कोण बसेल?

सुमन आठ महिने शुद्धीवर नाही. ती कुठल्या जगात आहे, तिथे घर बांधतेय की वाट शोधतेय, डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मी नेलकटर काढलं. मुक्ताने खिडकीबाहेर पाहिलं.

"बाबा, दिवेलागण झाली. या वेळेला नखं कापली की आई किती ओरडायची!"

"माहितीये," मी सुमनचं बोट हातात घेत म्हणालो. "म्हणून तर याच वेळेला कापतो."