एक कॉम्प्युटर, चौघं संशोधक आणि मेश्राम सर

जिथं कॉम्प्युटर एक आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले चौघं, तिथं किस्से साचणारच हो! एकाचं सिम्युलेशन सुरू झालं की बाकीच्या तिघांना चहा आणि चकाट्या, दुसरं काम काय? यवतमाळच्या आमच्या कॉलेजातल्या फिजिक्स लॅबमध्ये मी अशी पाच वर्षं काढली. गाइड मेश्राम सर. सोलर सेल खराखुरा बनवायच्या आधी कॉम्प्युटरवर बनवायचा आणि कोणत्या मटेरियलनं उन्हातून जास्त वीज निघते ते पाहायचं, हेच आमचं काम.

पहिली फजिती माझीच. सेलवर पडणाऱ्या उन्हाचा आकडा टाकताना मी एक शून्य खाल्लं. एफिशियन्सी आली शंभर टक्क्यांच्या वर! मी नाचतच सरांकडं गेलो. सर शांतपणे म्हणाले, "वा! आता सूर्यच आपल्याकडं कनेक्शन मागाले येते."

मटेरियलच्या बाबतीत सर भलते कडक. कॅडमियमचं नाव काढलं की विचारायचे, "विषारी हाय ते. पॅनल फुटलं त तुकडे कोनाच्या वावरात जातीन?" शेवटी आमची सीनियर शबाना तांबं, जस्त, कथील आणि गंधकावर आली. तिच्या अब्बांचं कल्हईचं दुकान. ही यादी ऐकून ते उडालेच, "अरे, ये तो पूरी मेरी दुकान है! इसके लिए कॉलेज काहे को गई?" सर मात्र उठून दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. कथील किती आचेला बिघडतं ते तासभर विचारून घेतलं, वहीत लिहून आणलं. एवढा मोठा माणूस, पण शिकायची लाज नाही!

ती वर्षं कपाशीची फार वाईट. फुलसावंगीचे एक काका पुतण्याच्या ॲडमिशनसाठी आले होते, ते लॅबमध्ये डोकावले. "हे काय करून राह्यले?" सर म्हणाले, "न पेरता पीक पाहून राह्यलो." काका म्हणाले, "मंग आमच्या कपाशीले लावा ना हे मशीन! बियानं धोका देते का, आधीच कळन." सर म्हणाले, "काका, ते जमलं असतं त मी हे सोडून तेच केलं असतं." त्या दिवशी सर जेवले नाहीत.

आता शबानाचा व्हायवा. कॉलेजनं तिच्यासाठी लेक्चररची जागा धरून ठेवलेली, पण पीएचडी झाली तरच. आणि बाईसाहेबांनी काय केलेलं? सगळी दुनिया सिम्युलेशन सत्तावीस डिग्रीला करते. हिनं घेतलं आमच्या जिल्ह्यातल्या मारेगावच्या छतावर मे महिन्यात पॅनल तापतं ते तापमान! एफिशियन्सी धाडकन खाली. आम्ही हातापाया पडलो, "अवं, सत्तावीस ठेव ना! आधी डिग्री त घे!"

"पॅनल काय लॅबमंदी बसवाचं हाय? मी काहून खोटं लिहू?"

सर एवढंच म्हणाले, "राहू दे तसंच."

एक्स्टर्नल परीक्षक आले बाहेरून, ऐन मे महिन्यात, टाय लावून. पाच मिनिटांत लोडशेडिंग! पंखा बंद. साहेबांनी आकड्यांवर बोट ठेवलं, "सगळे सत्तावीस डिग्री धरतात. तुम्हीही तेच धरा, नाहीतर मला सही करता येणार नाही." शबाना खाली मान घालून उभी.

साहेबांचा रुमाल भिजला, टाय सुटला, कॉलरचं बटणही उघडलं. शेवटी प्रबंधानंच वारा घेत ते ओरडले, "अहो, किती तापलीय ही खोली! किती डिग्री असेल इथं?"

शबानानं मान वर केली. अगदी अदबीनं म्हणाली, "सर, सत्तावीस धरा ना."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग बंद पंख्याकडं. आणि खिशातून पेन काढला.