दोन अंश कमी

आमच्या मेहुण्यांइतका काळजी करणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. काळजी सगळेच करतात. सुस्कारे टाकतात, देवाला नारळ बोलतात आणि विसरून जातात. आमचे मेहुणे काळजीची नोंद ठेवत. घराला कुलूप लावून निघाले की गल्लीच्या टोकापर्यंत जात, परत येत, कुलूप ओढून बघत, पुन्हा निघत आणि पुन्हा परत येत. माझी बायको म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती एकदा यावरून त्यांना बरंच बोलली. तेव्हा त्यांनी ओट्यावरच्या खांबाला एक कागद चिकटवला आणि महिनाभर प्रत्येक खेपेला आपण काय पाहिलं ते त्यावर लिहिलं. महिनाअखेरीला कुलूप एकदाही उघडं सापडलेलं नव्हतं. "मग आता परत यायचं बंद ना, अण्णा?" हिने विचारलं. त्यांनी कागदावरच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि म्हणाले, "एका महिन्यावरून काय सांगता येतं?" दुसऱ्या दिवशी खांबावर नवा कागद होता.

प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून जवळच, आमचं गाव. तिथल्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवत असे. विज्ञानाला शिक्षक मिळेना तेव्हा मीच हेडमास्तरांकडे मेहुण्यांसाठी शब्द टाकला. ते पुण्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं होते. शिकवायची हौस म्हणून त्यांनी उशिरा बी.एड. केलं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आमच्या गावात बिऱ्हाड केलं. नेमणूक दोन वर्षांसाठी हंगामी. पुढे कायम व्हायचं ते तपासणीच्या शेऱ्यावर. वय पस्तिशीला टेकलेलं, त्यामुळे ही नोकरी गेली तर दुसरीकडे कुणी कायम घेईल अशी आशा नव्हती. ही काळजी त्यांना होती, माझ्या बायकोला होती, आणि शब्द मी टाकलेला असल्यामुळे सगळ्यांत जास्त मला होती. काळजी माझ्याही रक्तात आहे. फरक एवढाच की काळजी वाटली की मेहुणे जाऊन बघत, आणि मी झाकून ठेवतो.

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात टवका उडालेला लोलक, दोन थर्मामीटर आणि माणसाच्या सांगाड्याचा तक्ता एवढाच ऐवज. मेहुण्यांनी पहिल्याच महिन्यात गावातून सामान गोळा करायला घेतलं. डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हच्या नळ्या, चावडीवरून गेलेले बल्ब. नारळाच्या करवंट्यांचा तराजू केला आणि तो खरा आहे की नाही हे बघायला वाण्याचा तराजू मागून आणला, तेव्हा वाणी दोन दिवस बोलत नव्हता. माझ्या छत्रीच्या काड्या एकेक करून वर्गात गेल्या. घरात वाटी दिसेनाशी झाली की ही पोराबाळांना न विचारता सरळ भावाकडे जाई.

पण त्यांचा खरा जीव होता तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर. त्या डब्यात लग्नपत्रिका होत्या. गावातल्या कुणाच्याही लग्नाचं बोलावणं आलं की मेहुणे आधी पत्रिकेचा कागद दोन बोटांत धरून जाडी बघत, मग मुलगी कुणाची ते. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला ते एक प्रश्न लिहीत आणि त्याखाली चार मथळे: काय वाटतं, काय केलं, काय दिसलं, अजून काय कळलं नाही. उत्तर कुठेच नसे. गूळ आधी विरघळतो की साखर? लिंबाच्या सावलीतली माती उन्हातल्या मातीपेक्षा किती गार? नववीतल्या प्रत्येकाने एक पत्रिका उचलायची, पंधरा दिवस त्या प्रश्नामागे लागायचं आणि चारही मथळे भरायचे. चौथा मथळा कोरा आला तर ते वही परत देत. "काहीच कळायचं राहिलं नाही? मग तू नीट बघितलं नाहीस," असं हळू आवाजात म्हणत, आणि पोराला रागावल्यापेक्षा जास्त लागे. एका पत्रिकेवर प्रश्न होता की दात बघून बैलाचं वय सांगणारी माणसं एकच वय सांगतात का. ती उचलणारा मुलगा बापाबरोबर घोडेगावच्या बाजाराला गेला आणि बापाचाच बैल पाच जणांना दाखवून आला. पाच जणांनी मिळून चार वयं सांगितली, आणि ऐन सौद्यात घेणारा चपापला. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत हजर. "सर, पोरगं शिकवताय का माझा बाजार उठवताय?" मेहुण्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मनापासून विचारलं, "पण तुम्हाला काय वाटतं, बैल किती वर्षांचा आहे?" त्या गृहस्थाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "खरं सांगू का, मलाबी नक्की म्हाईत न्हाई." मेहुण्यांनी ते पोराच्या वहीत लिहायला लावलं.

वर्गात ते 'मला माहीत नाही' असं बिनदिक्कत म्हणत. हेडमास्तर खिडकीखालून जाताना ते ऐकत आणि मला बोलावून घेत. "तुमच्या मेहुण्यांना सांगा, हे स्टाफरूममध्ये म्हणा. वर्गात नको. पोरं घरी जाऊन सांगतात." मी सांगत असे. मेहुणे वहीत टिपून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात म्हणत.

त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. प्रवरेत नुसती वाळू, शाळेच्या टाकीत खडखडाट. अशात अभ्यासक्रमात पाणी उकळण्याचा प्रयोग आला. प्रत्येकाने घरून तांब्याभर पाणी आणायचं, उकळायचं, मोजायचं, गार करायचं आणि शाळेच्या माठात ओतायचं, अशी मेहुण्यांनी व्यवस्था लावली. बेचाळीस पोरांनी पाणी उकळलं. पुस्तकात शंभर अंश छापलेलं होतं. बेचाळीस जणांना अठ्ठ्याण्णव दिसलं. मेहुण्यांनी साखर कारखान्यातून तिसरा थर्मामीटर मागून आणला. पुन्हा अठ्ठ्याण्णव. त्यांनी वह्यांत नेहमीचे चार मथळे घालून अठ्ठ्याण्णव लिहायला लावलं आणि कारण काही सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांनाच माहीत नसावं.

तपासणीचं पत्र आलं आणि शाळेत चुना, शेण आणि धांदल सुरू झाली. हेडमास्तरांनी सगळ्या वह्या आपल्या खोलीत मागवल्या. एक चाळली, दुसरी चाळली आणि मला आत घेतलं. "पाणी किती अंशाला उकळतं हो गुरुजी?" मी शंभर म्हणालो. "हे लहान पोराला माहीत आहे. तुमच्या मेहुण्यांच्या वर्गात बेचाळीसच्या बेचाळीस पोरांनी चुकीचं लिहिलंय. साहेबांनी हे बघितलं तर त्यांना कोण कायम करणार?"

मी घाबरत घाबरत मेहुण्यांकडे गेलो. म्हटलं, "अण्णा, दोन अंशांचा तर प्रश्न आहे. शंभर लिहायला काय हरकत आहे?"

ते हातातली नळी धूत होते. म्हणाले, "दाजी, काळजीने मलाही झोप नाही. काल पुन्हा उकळून बघितलं. शंभर दिसलं असतं तर मी स्वतः पोरांच्या हातापाया पडून बदलून घेतलं असतं. पण दिसलं नाही, त्याला काय करू?" एवढं बोलून त्यांनी नळी उन्हाकडे धरून बघितली आणि पुन्हा धुवायला घेतली.

रविवारी दुपारी शाळेत कुणी नव्हतं. किल्ली माझ्याकडे असे. मी हेडमास्तरांच्या खोलीत बसलो, दाढीचं ब्लेड काढलं आणि एकेक वही घेऊन अठ्ठ्याण्णव खरवडलं. खरवडलेल्या जागी नखाने कागद घोटला आणि पोराचं वळण बघून तसं शंभर लिहिलं. अक्षराच्या बाबतीत माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. कुणाचं शून्य चपटं, कुणाचं लांबट, सगळं जसंच्या तसं केलं. घामाने ब्लेड निसटून अंगठा कापला, त्याला चिंधी गुंडाळली आणि बेचाळीसावी वही मिटली तेव्हा आपण मेहुण्यांचा संसार सावरला असं मला वाटलं. आयुष्यात इतकं निश्चिंत मला कधी वाटलं नव्हतं.

साहेब सोमवारी आले. वयस्क, शांत गृहस्थ. नववीच्या वर्गात खुर्चीवर बसून त्यांनी वरची वही उघडली. मेहुणे फळ्याजवळ, हेडमास्तर दाराशी, आणि मी हाराचं तबक घेऊन उभा. साहेबांनी एक वही वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली आणि चष्मा काढला. "वर लिहिलंय, पाणी शंभर अंशाला उकळलं. आणि खाली चौथ्या मथळ्यात लिहिलंय, 'आपल्याकडे दोन अंश कमी का, ते कळलं नाही.' कशापेक्षा कमी?"

मी जन्मभर पोरांना सांगत आलो की उतारा शेवटपर्यंत वाचा. बेचाळीस वह्यांपैकी एकीचीही पुढची ओळ मी वाचली नव्हती.

मळ्यातून रोज चालत येणारी एक मुलगी उभी राहिली. "साहेब, आमी अठ्ठ्यान्नवच लिवलं हुतं. कुनीतरी खरडलंय."

"अठ्ठ्याण्णव का येतं, काही वाटतं का तुला?"

"गाव समुद्रापासून उंचावर हाय म्हनून आसंल. पर नक्की न्हाई. उंचावर जाऊन मोजल्यावर कळंल."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "नगरला मी स्वतः पाणी उकळून बघितलंय. मलाही शंभर कधी मिळालं नाही." त्या क्षणी मेहुणे कायम झालेले होते. मग साहेबांनी वही उजेडाकडे धरली, दुसरी धरली, आणि मेहुण्यांना विचारलं, "हे कुणी केलं?"

मेहुण्यांनी वही हातात घेतली. त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्या अंगठ्याच्या चिंधीकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून खिडकीबाहेर लावली. "साहेब, खरवडताना मी कुणाला पाहिलं नाही."

"संशय कुणावर?"

"संशय लिहीत नाही आम्ही, साहेब. दिसलेलं लिहितो."

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण हेडमास्तर माझ्याकडे बघत होते, घरी तीन लेकरं होती, आणि मी चिंधीचा अंगठा तबकाखाली सरकवला. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. साहेबांनी पोरांचं कौतुक केलं, लग्नपत्रिकांचा डबा उघडून बराच वेळ वाचत बसले, आणि जाताना शेरा लिहिला की नोंदवह्यांत खाडाखोड आहे व ती कोणी केली हे शिक्षक सांगू शकत नाहीत. तसा शेरा असताना संस्थेने त्यांना कायम केलं नाही.

जूनमध्ये मेहुण्यांना भंडारदऱ्याच्या बाजूला एका शाळेत रजेच्या जागेवर काम मिळालं. आईला पुढच्या खेपेला न्यायचं ठरवून ते एकटेच निघाले. कोल्हारच्या स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो. एस.टी. यायला वेळ होता. मला राहवेना. मी सगळं सांगितलं. रविवार, ब्लेड, शून्यांची वळणं, सगळं. ते मन लावून ऐकत होते. मध्येच "कागद घोटला कशाने?" असंही त्यांनी विचारलं. मी नखाने म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"हे तुम्ही सांगायला नको होतं, दाजी. आजवर कुणी विचारलं तर मला ठाऊक नाही म्हणता येत होतं. आता ठाऊक झालं. आता माझ्या बहिणीने विचारलं तर मी काय सांगू?"

"नका सांगू काही."

"विचारल्यावर?" ते म्हणाले, आणि एस.टी.त चढले. पुढच्या खेपेला आईला न्यायला ते आले तेही ही माहेरच्या कुणाच्या बारशाला गेलेली असताना.

त्या वर्षी भाऊबिजेला ते आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. पत्र मात्र येई, त्यात तब्येतीची चौकशी असे, आईला कसं आहे ते असे, आणि न येण्याचं कारण कधीच नसे, कारण खरं लिहिता येत नव्हतं आणि खोटं लिहायची सवय नव्हती. ही दर वर्षी त्यांच्या आवडीचे अनारसे करी, संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघे आणि मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळी. "अण्णांचं माझं काय बिनसलं हो?" असं मला विचारी. मी म्हणे, घाटात गाड्या वेळेवर नसतात. अशा पाच भाऊबिजा गेल्या. पाचव्या वर्षी तबक हातात घेऊन अंगणात निघालेली ती उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली की पुढच्या वर्षी मी अनारसे करणार नाही. तेव्हा मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. ती ओरडली नाही की रडली नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांना लिहायला म्हणून तिने माझ्याकडून पोस्टकार्ड मागून घेतलं.

पुढच्या भाऊबिजेला दुपारीच दारात मेहुणे उभे. डोक्यावरचे केस पांढरे झालेले, नोकरी अजून हंगामीच. आत ही अनारसे तळत होती. ते उंबऱ्याबाहेरच थांबले आणि मला हळूच विचारलं, "कार्डात लिहिलंय, पण तुमच्या तोंडून ऐकतो. तिला माहीत आहे?"

"हो. मीच सांगितलं," मी म्हणालो. मग त्यांनी चपला काढल्या.