दुसऱ्याचं धड

चहाच्या पातेल्यात तीन मुंडकी उकळत होती. माझ्या चाळिशीतल्या भावाला खेळण्यातल्या योद्ध्यांची डोकी बदलायचा नाद आहे. त्याने चिमट्याने एक मऊ पडलेलं मुंडकं उचललं आणि भलत्याच धडावर दाबून बसवलं. मला शिसारी आली. धडाला कुणाचंही डोकं चालतं, हेच किळसवाणं.

"ताई, मान जरा सैल बसतेय गं," तो म्हणाला.

"शी! ज्याचं डोकं त्यालाच राहू दे की रे!"

त्याने नुसतं भिंतीकडे पाहिलं. हार घातलेल्या फोटोत बाबा कोट-टायमध्ये होते. जन्मात त्यांनी कोट घातला नव्हता. बनियनवरचा फोटो स्टुडिओत नेऊन "चांगलासा कोट लावा" असं मीच सांगितलं होतं.

मान तिथेही नीट बसलेली नाही.