काटा हलला तेव्हा

माझी धाकटी भावजय परवानाधारक गॅस फिटर आहे. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहिल्याशिवाय ती काम झालं म्हणत नाही, म्हणून तिचं नाव पडलं फेसवाली. तिला ते आवडतं.

आमच्या रुग्णालयाच्या धुलाईघरातला बॉयलर डिझेलवरून गॅसवर न्यायचं ठरलं आणि ते काम तिला मिळालं. मी तिथे कार्यालय अधीक्षक. नातं आधीच लेखी कळवलं आणि निवडीतून बाजूला राहिलो. घरगुती गीझरांपलीकडचं तिचं हे पहिलंच काम. फसलं असतं तर पुन्हा कुणी तिला बॉयलरला हात लावू दिला नसता.

जुना बर्नर उतरवून तिने नवा बसवला. गॅस सोडण्याआधी पाइपात हवा भरली, दाबमापक लावला आणि स्टुलावर बसली. अर्धा तास काटा जागचा हलता कामा नये, हा तिचा नियम. बाहेर चादरींचे ढीग दाराला लागले होते.

पंचविसाव्या मिनिटाला काटा केसभर उतरला.

हवा गार झाली की एवढं होतंच, असं देखभाल इंजिनिअर म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा फेस फिरवायला सुरुवात केली. एवढ्या फेसात चादरी धुऊन निघाल्या असत्या, असा टोमणाही त्यांनी मारला. ती हसली, पण ब्रश थांबला नाही. खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता.

शेवटी तिने पर्समधला छोटा आरसा काढून व्हॉल्व्हच्या खाली धरला. आरशात एक बुडबुडा हळूहळू फुगत होता.

इंजिनिअर वरमले. मग तिची बाजू सावरायला म्हणून हळूच म्हणाले, "व्हॉल्व्हच खराब आला होता, असं लिहू या. तुमच्यावर यायला नको."

"व्हॉल्व्ह चांगला आहे, साहेब. सांधा मी अवघडून, हात वाकडा करून आवळला, तो कमी पडला. तसंच लिहा."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःची चूक अशी सरळ लिहायला सांगणारी माणसं मला फार भेटली नाहीत.

तिने हवा सोडली, सांधा उघडून आटे पुसले, नवी सीलिंग टेप गुंडाळली आणि या वेळी आडवं झोपून पाना मारला. पुन्हा अर्धा तास. काटा ढिम्म. मग गॅस आला आणि त्यावरही फेस फिरला. पंख्याने भट्टीतली हवा बाहेर काढून तिने बर्नर पेटवला. काचेतून निळी, सरळ ज्योत दिसली.

इंजिनिअरांनी तिने सांगितलं तसंच लिहून कागद सहीला पुढे केला. "स्वयंपाकघराचा बॉयलर कधी बघताय?" त्यांनी विचारलं.

"हा आठवडाभर नीट चालू दे," ती सही करत म्हणाली. "मग येते."