पिवळी पट्टी

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे खारूताई म्हणतात. लहानपणी ती एका जागी टिकत नसे, म्हणून. आता दिवसभर एका खुर्चीत बसते. तिथे बसून ती जे उभं करते त्याला मी नेपथ्य म्हणतो, ती डेमो म्हणते.

शाळांना धडे तयार करून ठेवता येतील असं एक सॉफ्टवेअर ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलं आहे. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही घ्यावं, वापरावं, उघडून बघावं. घेण्याआधी हाताळता यावं म्हणून खारूताई त्याच्या प्रती इंटरनेटवर मांडते : एक लहान शाळेची, एक मोठ्या शाळेची. कोणीही ‘पाहुणा’ या नावाने आत शिरावं, हवं ते करावं. पहाटे सगळं पुसलं जातं आणि प्रत पुन्हा होती तशी. प्रयोग संपला की सेट मोडायचा, उद्या तोच लावायचा. माझा उभा जन्म रंगमंचावर गेला, मला हे लगेच उमगलं.

तिची मांडणी जीव लावून केलेली. लहान शाळेत तिने खोटी मुलं बसवली होती, एकाला तर कायमची सर्दी! वर एक पिवळी पट्टी असे : ‘ही नमुन्याची प्रत आहे. इथलं सगळं रोज पुसलं जातं.’

ती पट्टी तिच्या डोळ्यांत खुपायची. “मामा, एवढं घर सजवायचं आणि दारावर ‘हे घर नाही’ अशी पाटी लावायची?” म्हणाली, आणि पट्टी काढून टाकली. पुढे सर्व्हर बदलताना रोजचं पुसणंही बंद पडलं. बघू नंतर, म्हणत राहून गेलं. काही महिन्यांनी तिने ते सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला : ‘लहान शाळेतले माझे धडे दिसत नाहीत. माझं काही चुकलं का?’

निरोप पाठवणारे एक निवृत्त मास्तर होते. ऐकू न येणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यभर शिकवलं. आपल्या जुन्या शाळेसाठी खुणांच्या भाषेतले धडे ते फोनवर चित्रित करून त्या प्रतीत साठवत होते. फोनमध्ये जागा व्हावी म्हणून तिथले पुसून टाकलेले. आणि डेमोचा बॅकअप कोणी ठेवत नाही.

“मामा, ते मलाच विचारतायत, माझं काही चुकलं का म्हणून.”

“मग समोर जाऊन सांग. मी येतो सोबत.”

मास्तरांची खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर चादर ताणलेली, समोर पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवायची जागा. एकट्याने उभारलेला रंगमंच. खारूताईने काहीही न लपवता सगळं सांगितलं. मास्तरांनी मांडीवरचे हात उचलले. ते थरथरत होते.

“तेव्हा एवढे कापत नव्हते, म्हणून तर घाई केली. माझा हात कापला की पोरांना शब्द तोतरा दिसतो.”

खारूताईला रडू फुटलं.

“रुमाल देतो,” मास्तर म्हणाले, “पण या हातांनी धुतलेला आहे. निम्मा साबण त्यातच असेल.”

तिने नाक ओढलं. “मास्तर, तुम्ही सांगा. हात मी करते.”

“तू? बरं, ‘आई’ करून दाखव.”

मी अंदाजाने केलेली खूण पाहून तिने तशीच केली. मास्तरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. “ही आई नाही. ही दाढदुखी आहे.”

तेव्हापासून दर रविवारी ती त्या चादरीपुढे उभी राहते. मी दिवा धरतो. मास्तर खुर्चीतून ओरडतात, “कोपर खाली! आणि चेहरा कुठे गेला? नुसते हात बोलत नाहीत गं!” बरेच धडे झाले. काही गोष्टी मात्र त्यांनी ऐन वेळी सुचतील तशा सांगितल्या होत्या. त्या त्यांनाही आठवत नाहीत. त्या गेल्याच.

डेमोवर पिवळी पट्टी परत आली आहे, पूर्वीपेक्षा रुंद. मास्तरांच्या शाळेसाठी खारूताईने वेगळी, खरी प्रत उभी केली, बॅकअपसकट. परवा तिथल्या बाईंचा निरोप आला : मुलं म्हणतात, नवी ताई मास्तरांसारखंच बोलते, फक्त जरा तोतरी आहे.

मास्तर खूप हसले. खारूताई हसली नाही. तिने पहिला धडा पुन्हा करायला काढला, चादर नीट ताणली आणि म्हणाली, “मामा, दिवा.”